नावेसाठी आखलेली सीमा

मोबाईलवर महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि उजवीकडे अगदी तळाशी जा. गडचिरोली जिल्ह्याचं एक टोक दक्षिणेकडे लांबलचक उतरलेलं दिसेल. एका बाजूला तेलंगणा, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड आणि मधे गोदावरीला टेकलेला सिरोंचा तालुका. बाजारात कानावर तेलुगू पडते, कचेरीत मराठी. हा तुकडा महाराष्ट्रात कसा काय आला, हा प्रश्न मला चंद्रपूरला शाळेत असताना पडायचा. गुरुजी म्हणायचे, मधे नदी आहे ना, म्हणून. उत्तर अर्धंच होतं. नदी तर आहेच, पण तिथे सीमा पडली ती त्या नदीत नावा चालवायच्या होत्या म्हणून.

1860 साली ब्रिटिश सरकारने हैदराबादच्या निजामाशी एक करार केला. त्यात गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख ब्रिटिशांकडे आला आणि नदीतून होणाऱ्या वाहतुकीवर जकात घ्यायची नाही असं ठरलं. मग त्या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा स्वतंत्र जिल्हा केला आणि सिरोंचा हे त्याचं मुख्य ठाणं झालं. जंगलाच्या पोटातल्या एका गावाला जिल्ह्याचा मान मिळाला तो केवळ नावांमुळे. पुढे 1874 मध्ये हा जिल्हा मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. त्यातून 1982 मध्ये गडचिरोली वेगळा झाला, आणि सिरोंचा त्याच्या वाट्याला आलं.

ही सगळी उठाठेव एका माणसाच्या डोक्यातून निघाली होती. आर्थर कॉटन. आडनाव कॉटन आणि डोक्यात कापूस, असा योग क्वचितच येतो. राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरम इथे त्याने गोदावरीवर बंधारा बांधला, 1847 ते 1852 या काळात. त्या बंधाऱ्यामुळे गोदावरीचा त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार झाला आणि तिथले शेतकरी आजही त्याच्या पुतळ्याला हार घालतात. कॉटनचं म्हणणं असं की हिंदुस्थानला आगगाडीपेक्षा जलमार्ग हवेत, कारण पाण्यावरून माल नेणं कितीतरी स्वस्त. वऱ्हाड, हिंगणघाट, वणी या पट्ट्यातला कापूस बैलगाड्यांनी मुंबईला पाठवण्याऐवजी वर्धा नदीत सोडायचा, तिथून प्राणहिता, तिथून गोदावरी आणि मग थेट बंगालच्या उपसागरावरचं कोरिंगा बंदर. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा ही कल्पना एकदम गरजेची वाटू लागली. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हाही तिच्या बाजूचा होता.

कागदावर ही वाट फारच सुंदर आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनीकडून येते, वर्धा सातपुड्यातून. चपराळ्याजवळ दोघी भेटतात आणि त्यांची प्राणहिता होते. ती अहेरीवरून वाहत सिरोंचासमोर कालेश्वरमला गोदावरीत मिळते. थोडं पुढे सोमनूरला इंद्रावती येते. एवढं पाणी एकत्र आल्यावर जहाज का चालू नये?

पण नाव चालते की नाही हे नदीचं एकूण पाणी ठरवत नाही. वाटेतली सगळ्यात अडचणीची जागा ठरवते.

हे इंग्रजांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्याच देशात अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनियरने कालवे खणले. चढ-उतारावर नाव वरखाली नेण्यासाठी तिथे ‘लॉक’ असतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला पाण्याचा हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, मग पुढचं दार उघडायचं. बांधकामाचा खर्च आणि पाणी वाचावं म्हणून ब्रिंडलीने हे हौद साधारण सात फूट रुंद आणि बहात्तर फूट लांब ठेवले. झालं, त्या कालव्यांवरची प्रत्येक नाव कायमची सात फुटांच्या आत अडकली. तिलाच नॅरोबोट म्हणतात.

आज त्या नावांत कोळसा जात नाही, लोक राहतात. हवी तशी बांधून घेतात. तळाला दहा मिलीमीटर, बाजूंना सहा आणि छताला चार मिलीमीटर जाडीचा पत्रा हे नेहमीचं माप. लांबी खिशाप्रमाणे, रुंदी मात्र ब्रिंडलीने ठरवलेली. अलीकडे त्यात डिझेल इंजिनाऐवजी दहा-पंधरा किलोवॅटची विजेची मोटर, खाली बॅटऱ्या आणि छतावर सोलर पॅनल बसवतात. पूर्ण सजवलेल्या नव्या नावेला एक-दीड लाख पौंडांहून जास्त पडतात, विजेची असेल तर आणखी. कालव्यात ताशी चार मैलांच्या वर जायचंच नसतं आणि पाणी स्थिर असतं, म्हणून तीन-चार किलोवॅटमध्ये एवढं मोठं धूड आरामात सरकतं. यूट्यूबवर याचे व्हिडिओ तासन्‌तास बघता येतात. मी बघतो. पण ही सगळी मजा शांत पाण्याची आहे.

आपल्या नदीवर तशा अडचणीच्या जागा तीन होत्या. पहिली भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरी इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला, तिसरी प्राणहितेवर देवलमरीला. देवलमरी आज अहेरी तालुक्यात आहे. या तिन्ही ठिकाणी नदी खडकांवरून फुटत, घसरत जाते. पावसाळ्यात तिथे पाण्याला इतका जोर असतो की नाव धरवत नाही आणि उन्हाळ्यात इतकं कमी पाणी की खडक उघडे पडतात. कॉटनचा सहकारी हेग याने नदीची पाहणी केली आणि पुढे काम त्याच्याकडेच आलं. उपाय ब्रिंडलीचाच: खडकाच्या वर बंधारा, बाजूने कालवा, त्यात लॉक. तोवर माल उतरवायचा, गाड्यांवर लादून खडक ओलांडायचा आणि पलीकडे दुसऱ्या नावेत भरायचा. मजूर बाहेरून आणावे लागले, त्यांना तापाने धरलं. काम चालू राहिलं, पैसे जात राहिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हा मुलूख रिकामा पडलेला नव्हता. करारापूर्वी दोनच वर्षं, 1858 मध्ये, मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांनी इथे उठाव केला होता. त्यात प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याचे दोन अधिकारी, गार्टलँड आणि हॉल, मारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबूरावांना चांद्याला फाशी दिली. म्हणजे या किनाऱ्यावर वीज पहिल्यांदा आली ती दिव्यासाठी नाही, मोटरसाठी तर नाहीच. सरकारची तार होऊन आली. त्यानंतर लगेच आलेल्या नावांच्या योजनेकडे इथल्या गोंड-माडिया माणसांनी कोणत्या नजरेने पाहिलं असेल, याचा अंदाज करायला फार इतिहास वाचावा लागत नाही.

1867 मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. अमेरिकेतलं युद्ध त्याआधीच संपलं होतं. कापूस पश्चिमेकडे वळला आणि पूर्वेकडची नदी बसून राहिली. 1871 मध्ये वरच्या गोदावरीचं काम थांबवलं. दुम्मागुडेमचा बंधारा अजून उभा आहे. आपल्याकडे उरला तो सिरोंचा, म्हणजे नकाशावरचं ते टोक.

मोठ्या नावांची गोष्ट इथे संपते. पण या सगळ्या काळात नदीत नाव चालतच होती. तिच्याबद्दल अहवाल कोण लिहिणार? तो होता डोंगा. एकच मोठं खोड घ्यायचं, बाहेरून तासायचं, आतून कोरायचं. ना जोड, ना खिळा. बूड इतकं वर की वीतभर पाण्यातही तरंगतो, खडकावर आपटला तरी फुटत नाही, आणि दोन-चार माणसं तो उचलून खडकापलीकडे नेऊ शकतात. कॉटनला ज्या गोष्टीसाठी बंधारे बांधावे लागले ती डोंग्यात आधीपासून होती. त्याचा दोषही तितकाच खरा. गोल बुडामुळे तो कलंडतो. एखादा माणूस घाईने उभा राहिला तरी पुरतं. म्हणून जास्त माणसं किंवा गुरं न्यायची तर दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकतात.

या नावेची किंमत काय? एक झाड आणि काही दिवसांचं काम. म्हणजे प्रश्न असा की झाड कोणाचं?

1878 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी भारतीय वन कायदा आला आणि राखीव जंगलातलं झाड सरकारचं झालं. त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थान फेरी कायदाही आला. नाव उत्तर हिंदुस्थानचं, पण तो मध्य प्रांतालाही लागू होता. त्याने नदीचे घाट सरकारच्या ताब्यात आले, उतारूंकडून पैसे घेण्याचा हक्क लिलावाने देता येऊ लागला आणि सरकारी घाटाच्या दोन मैलांच्या आत परवानगीशिवाय भाड्याची नाव चालवायला बंदी झाली. अहेरीसारख्या जमीनदारीत जंगलावर जमीनदाराचा शब्द चाले, तो भाग वेगळा. पण वैनगंगेकाठच्या ढिवरासाठी हिशेब सरळ होता. एकाच वर्षात नावेचं लाकूडही दुसऱ्याचं झालं आणि नावेखालचं पाणीही. तिकडे मोठ्या नावांवर सात वर्षांपूर्वीपर्यंत सरकारी तिजोरी ओतली जात होती. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्यावर राग येतो, तो लपवावा असं वाटत नाही.

हा जुना हिशेब अजून मिटलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतांवर निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. नदीवर पूल आहेत, आष्टीला आहे, सावली-गडचिरोली रस्त्यावर आहे. पण पूल तिथे असतो जिथून रस्ता जातो, आणि मजुरीचं शेत कुठेही असतं. पुलावरून फेरा मारून जायचं तर मजुरीतला किती भाग भाड्यात जाईल, ते ज्याचं त्यालाच कळतं.

त्याआधी आठ वर्षं, 2016 मध्ये, संसदेने देशातल्या 111 जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्या यादीत वैनगंगा-प्राणहिताही आहे. कॉटनचा नकाशा पुन्हा बाहेर आला म्हणा ना. पुन्हा लांबीचा विचार, नदीच्या धारेने खाली जाण्याचा. गावाला नदी आडवी ओलांडायची असते.

आडव्या नावेसाठी आज काय करता येईल, याचा एक नमुना केरळात आहे. जानेवारी 2017 पासून वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर ‘आदित्य’ नावाची सोलर फेरी चालते. वीस मीटर लांब, सात मीटर रुंद, पंच्याहत्तर उतारू, वीस किलोवॅटच्या दोन मोटरी. तिला दोन सांगाडे आहेत, वर एक डेक. दोन डोंगे बांधून वर फळ्या टाकण्याचीच ही रीत, मोठ्या मापात. मात्र ‘आदित्य’ जशीच्या तशी वैनगंगेत आणून चालणार नाही. तिथे बॅकवॉटरचं संथ पाणी आणि पक्की जेटी. इथे पावसाळ्यात पाणी काठ सोडतं आणि जानेवारीत तेच पाणी वाळूच्या पट्ट्यापलीकडे सरकलेलं असतं. आजचा धक्का पुढच्या महिन्यात कोरडा.

मग इथली नाव कशी हवी? मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिलं. दोन अरुंद सांगाडे, आठेक मीटर लांबी, बारा माणसं, वाळूवर ओढता येईल असं सपाट बूड, खडक आला तर वर उचलता येणारी मोटर. पाट अर्धा किलोमीटर धरला आणि वेग ताशी पाच किलोमीटर, तर सहा मिनिटं लागतात. दोन किलोवॅट ताकद वापरली तरी एका खेपेला वीजबिलातलं 0.2 युनिट. वीस खेपांना चार. पाच युनिटांची लिथियम बॅटरी सुमारे पंचेचाळीस किलोची, म्हणजे दोन जणांनी काढून गावात न्यायची, रात्री चार्ज करायची, सकाळी परत बसवायची. पूर असेल तेव्हा नाव बांधूनच ठेवायची, त्याला मोटर हा इलाज नाही.

यात अवघड असं काहीच नाही. महाग काय असेल तर ती बॅटरी, आणि ती दहा-बारा मजुरांच्या भाड्यातून फिटणार नाही. घाटाचा लिलाव घेणाऱ्याने ती घ्यावी असं म्हणणं म्हणजे ते पैसे पुन्हा मिरची तोडणाऱ्या बाईच्या मजुरीतून काढणं. ग्रामपंचायतीने घेतली, नावाड्याला पगार दिला आणि उतरणं फुकट ठेवलं, तरच त्या नावेत बाई बसेल, नाहीतर ती शेजारच्या डोंग्यातच बसेल. आणि बारा माणसांची बारा लाइफ जॅकेटं ‘नंतर बघू’ या यादीत न टाकता नावेच्या पहिल्याच बिलात धरायची.