येशूपट आणि ज्यूद्वेष : हॅनोव्हरमधील चर्चची भूमिका

नीडरसाक्सन राज्याची राजधानी असलेल्या हॅनोव्हर शहरात जर्मनीतील प्रोटेस्टंट चर्चच्या महासंघाचे (ईकेडी) मुख्य कार्यालय आहे. ज्यू धर्माविषयी ख्रिस्ती समाजाची भूमिका काय असावी, याचा दुसऱ्या महायुद्धानंतर या महासंघाने सातत्याने फेरविचार केला. येशूच्या दुःखसहनावरील चित्रपटांबाबतचा वाद हा त्याच फेरविचाराचा एक भाग होय.

शहराचा इतिहास

वास्तुविशारद एडविन ओप्लर यांनी उभारलेले हॅनोव्हरचे भव्य सिनेगॉग १८७० मध्ये पूर्ण झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी देशभर केलेल्या विध्वंसात ते नष्ट झाले. पॅरिसमध्ये जर्मन राजनैतिक अधिकाऱ्यावर गोळ्या झाडणारा हर्शेल ग्रिन्श्पान हा तरुण मूळचा हॅनोव्हरचाच. त्याच्या कुटुंबाला त्याआधी काही दिवस पोलंडच्या सीमेवर हाकलून देण्यात आले होते. त्या गोळीबाराचे निमित्त करून नाझींनी हा विध्वंस घडवला. डिसेंबर १९४१ मध्ये शहरातील सुमारे एक हजार ज्यूंना रिगा येथे पाठवण्यात आले. त्यांतील फारच थोडे परतले.

आरोपाचे मूळ

येशूच्या मृत्यूचा दोष संपूर्ण ज्यू समाजावर लादण्याची परंपरा जुनी आहे. मत्तयकृत शुभवर्तमानात पिलातासमोरचा जमाव येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि आपल्या मुलांवर घेतो. या एका वचनाचा आधार घेऊन शतकानुशतके ज्यूंचा छळ झाला. मार्टिन ल्यूथर यांनी १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध अत्यंत विखारी ग्रंथ लिहिला आणि नाझींनी त्याचा प्रचारासाठी वापर केला. दुःखसहनाच्या नाटकांनीही हा समज रुजवला. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ येथील अशा नाटकाला १९३४ मध्ये हिटलर स्वतः उपस्थित होता.

भूमिकेतील बदल

ऑक्टोबर १९४५ मधील श्टुटगार्टच्या अपराधकबुलीत ज्यूंचा उल्लेखही नव्हता. १९५० मध्ये बर्लिन-वाइसेनझे येथील धर्मसभेने मौन आणि निष्क्रियता यांमुळे आपणही या पापात सहभागी झाल्याचे मान्य केले, तसेच इस्रायलच्या लोकांना देवाने दिलेले वचन आजही कायम असल्याचे जाहीर केले. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत सामूहिक दोषाचा आरोप नाकारला. ‘ख्रिस्ती आणि ज्यू’ या शीर्षकाची ईकेडीची अभ्यासपत्रे १९७५, १९९१ आणि २००० मध्ये आली. २०१५ मध्ये धर्मसभेने ल्यूथर यांच्या ज्यूविरोधी लेखनापासून स्वतःला वेगळे केले आणि २०१६ मध्ये ज्यूंमध्ये धर्मप्रसार करण्याची कल्पना नाकारली.

२००४ चा वाद

मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ मार्च २००४ मध्ये जर्मनीत प्रदर्शित झाला. त्यातील अनेक प्रसंग बायबलमध्ये नाहीत. ते वेस्टफालियातील जोगीण अ‍ॅना काटारीना एमरिक हिच्या दृष्टान्तांवरून घेतलेले आहेत. हे दृष्टान्त कवी क्लेमेन्स ब्रेन्टानो यांनी शब्दबद्ध केले होते. क्रूर यहुदी पुरोहित आणि द्विधा मनाचा, सौम्य पिलात या मांडणीवर टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता. मत्तयातील ते वचन अरामी संवादात राहिले, मात्र त्याची उपशीर्षके काढण्यात आली.

ईकेडीचे अध्यक्ष बिशप वोल्फगांग हुबर, कॅथलिक बिशप परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल कार्ल लेमान आणि ज्यूंच्या केंद्रीय परिषदेचे अध्यक्ष पाउल श्पीगेल यांनी संयुक्त निवेदन काढले. या चित्रपटामुळे जुने ज्यूविरोधी पूर्वग्रह पुन्हा जागे होण्याचा धोका असल्याचा इशारा त्यांनी दिला. ज्या देशात चर्च कधीकाळी गप्प राहिले, तेथे दोन्ही चर्चच्या प्रमुखांनी ज्यू नेत्यासोबत एकत्र बोलणे, हेच या निवेदनाचे महत्त्व होय.

मराठी संदर्भ

येशूपटाचे मराठी माणसाशी जुने नाते आहे. मुंबईत ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहूनच दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मिळाली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, म्हणजेच बेने इस्रायल, पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त नांदले. त्यामुळे या कथेमागचा युरोपातील रक्तरंजित इतिहास मराठी प्रेक्षकाला सहसा जाणवत नाही. जर्मनीत तो विसरता येत नाही.

हॅनोव्हरच्या लाइनहाउझेन भागातील पूर्वीच्या गुस्टाव आडोल्फ चर्चच्या इमारतीत २००९ पासून उदारमतवादी ज्यू समुदायाचे सिनेगॉग आहे.