ऑर्केस्ट्रा अकादमी

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वाद्यवृंदात पगारी नोकरी मिळवू पाहणाऱ्या, संगीताची पदवी आधीच हाती असलेल्या तरुण वादकांसाठीचे प्रशिक्षण. मुदत साधारण एक ते तीन वर्षांची. शिकवणारे बहुतेक जण पूर्णवेळ प्राध्यापक नसतात. रात्री मंचावर वाजवणारे वादकच दिवसा शिकवतात आणि शिकाऊ वादकाला त्यांच्याच शेजारी खुर्ची मिळते. बर्लिन फिलहार्मोनिकची अकादमी एका नामांकित वाद्यवृंदाला जोडलेली आहे, मायामीतील ‘न्यू वर्ल्ड सिंफनी’ हा स्वतंत्र शिकाऊ वाद्यवृंदच आहे, तर लंडनमधील गिल्डहॉल स्कूल लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीने रीतसर पदव्युत्तर पदवी देते.

पदवीनंतर आणखी शिकायचे काय, हा प्रश्न साहजिक आहे. संगीत महाविद्यालयांचा सगळा रोख एकल वादनावर असतो. व्हायोलिनचा विद्यार्थी दहा-पंधरा वर्षे कॉन्चेर्तो घोटतो. त्यांत तो नायक आणि वाद्यवृंद त्याच्या साथीला असतो. नोकरी मात्र लागते ती दुसऱ्या व्हायोलिनांच्या मागच्या रांगेत. तिथे त्याचा आवाज वेगळा ऐकू आला तर ती चूकच धरली जाते. रांगेच्या प्रमुखाने पेन्सिलीने लिहिलेल्या खुणांप्रमाणेच गज वर-खाली न्यायचा. एका स्टँडवर दोघे असतात, त्यांतल्या आतल्या बाजूच्याने पान उलटायचे आणि तेवढा वेळ वाजवणे सोडायचे. ट्रॉम्बोनवाल्यांची कसोटी आणखी वेगळी. ब्राह्म्सच्या पहिल्या सिंफनीत ते तीन भाग नुसते बसून असतात. चौथ्या भागात त्यांचा पहिला स्वर येतो, तोही हळुवार कोरलचा. अर्धा तास गार पडलेले वाद्य आणि सुकलेले ओठ घेऊन तो स्वर अचूक, मऊ आणि तिघांचा एकत्र लावायचा असतो. खोलीत एकट्याने रियाज करून हे येत नाही.

काही गोष्टी तर त्या-त्या वाद्यवृंदाच्या घरच्याच असतात. जर्मन वाद्यवृंदांत कंडक्टरचा हात खाली येतो आणि आवाज किंचित उशिरा उमटतो. नवखा वादक हातासोबत वाजवतो आणि सगळ्यांच्या आधी एकटाच ऐकू येतो. किती थांबायचे हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही; शेजाऱ्याच्या श्वासावरून आणि कॉन्सर्टमास्टरच्या खांद्यावरून ते कळते.

या प्रशिक्षणाच्या इतिहासाचा एक जुना टप्पा युद्धातून आलेला आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतील वाद्यवृंद युरोपातून, त्यातही जर्मनीतून आलेल्या वादकांवर चालत. अमेरिका युद्धात उतरल्यावर जर्मन नावांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. शिकागो सिंफनीचे कंडक्टर फ्रेडरिक स्टॉक यांचे अमेरिकन नागरिकत्व पूर्ण झालेले नव्हते. त्यांना काही काळ व्यासपीठावरून दूर व्हावे लागले. परतल्यावर १९१९मध्ये त्यांनी शिकागोतच शिकाऊ वादकांचा वाद्यवृंद सुरू केला. वादक आयात करण्यापेक्षा इथेच घडवावेत, हा हेतू. ‘सिव्हिक ऑर्केस्ट्रा ऑफ शिकागो’ या नावाने तो आजही चालू आहे. पुढे १९४०मध्ये बॉस्टन सिंफनीचे कंडक्टर सर्गेई कुसेवित्स्की यांनी टँगलवूड येथे उन्हाळी केंद्र काढले. युरोपात क्लाउदिओ अब्बादो यांनी युवा वाद्यवृंदांचा रस्ता धरला. १९८६मध्ये त्यांच्या पुढाकाराने व्हिएन्नात गुस्टाफ माहलर युवा वाद्यवृंद उभा राहिला आणि त्याच्या माजी वादकांतून १९९७मध्ये माहलर चेंबर ऑर्केस्ट्रा निघाला.

मात्र आज ज्याला ऑर्केस्ट्रा अकादमी म्हणतात तो नमुना बर्लिनचा. हर्बर्ट फॉन कारायान यांनी १९७२मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकची अकादमी स्थापन केली. नव्याने येणारे वादक हाताने तयार असतात, पण वाद्यवृंदासाठी तयार नसतात, असे त्यांचे मत होते. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी जर्मन उद्योग आणि बँकांच्या जगातून उभा केला. आता ती कारायान यांच्याच नावाने ओळखली जाते. निवड झालेल्या वादकाला साधारण दोन वर्षे विद्यावेतन, वाद्यवृंदातील सदस्याकडून वैयक्तिक धडे आणि मुख्य म्हणजे खऱ्या मैफलीत जागा मिळते. प्रेक्षकांना तो शिकाऊ आहे हे कळतही नाही. या अकादमीतून बाहेर पडलेले अनेक जण पुढे त्याच वाद्यवृंदाचे सदस्य झाले. जर्मन भाषक देशांतील इतर मोठ्या वाद्यवृंदांनी आणि ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊनेही पुढे हीच वाट धरली.

मायामीचा नमुना अगदी उलट दिशेने जातो. १९८७मध्ये कंडक्टर मायकेल टिल्सन थॉमस यांनी काढलेल्या न्यू वर्ल्ड सिंफनीत शेजारी अनुभवी वादक नसतोच. पहिल्यापासून शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळे शिकाऊ; त्यांना तिथे ‘फेलो’ म्हणतात. कंडक्टर आणि मार्गदर्शक बाहेरून येतात, काही तर अतिवेगवान इंटरनेट जोडणीवरून दुसऱ्या शहरातून तालीम घेतात. फेलोंना राहायला जागा आणि विद्यावेतन मिळते, मुदत तीन वर्षांपर्यंत. २०११मध्ये फ्रँक गेरी यांनी आखलेली इमारत उभी राहिली. तिच्या भल्यामोठ्या बाहेरच्या भिंतीवर आतली मैफल थेट दाखवतात आणि समोरच्या बागेत लोक चटया पसरून फुकट ऐकतात. फेलोंना याचेही शिक्षण मिळते: मंचावरून चार वाक्ये बोलणे, शाळेत कार्यक्रम बसवणे, देणगीदारांशी नीट वागणे. बर्लिनमध्ये शिष्य एका घराण्यात मुरतो. मायामीत तो कुठल्याही घरात शिरता येईल इतका लवचीक होतो. पहिल्याचा ठसा खोल, पण अमेरिकेच्या विखुरलेल्या नोकरीबाजारात दुसरा अधिक उपयोगी, असे म्हणता येईल.

लंडनची ‘साउथबँक सिंफोनिया’ २००२मध्ये सायमन ओव्हर यांनी सुरू केली. तिथे दर वर्षी ३३ तरुणांची तुकडी घेत. ल्युसर्न महोत्सवाची अकादमी पियरे बुलेझ यांच्या प्रेरणेतून निघाली आणि तिचा भर विसाव्या-एकविसाव्या शतकातील संगीतावर आहे.

ऑडिशन. प्रशिक्षण कुठलेही असो, त्याचा मोठा भाग या एका शब्दाभोवती फिरतो. एका जागेसाठी शंभरावर अर्ज येणे नेहमीचे, आणि पहिल्या फेरीत उमेदवाराला मिळतात काही मिनिटे. व्हायोलिनवाल्याकडून मोझार्टच्या कॉन्चेर्तोचा पहिला भाग मागतात, व्हायोलावाल्याकडून होफमाइस्टर किंवा स्टामिट्झ, डबल बासवाल्याकडून डिटर्सडॉर्फ किंवा वानहाल. त्यानंतर ‘एक्सर्प्ट’, म्हणजे वाद्यवृंदाच्या रचनांतले अवघड तुकडे. रिखार्ड स्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चे पहिले पान व्हायोलिनवाल्यांच्या जवळपास प्रत्येक यादीत असते. चेंडू उसळावा तशी वर झेपावणारी ती सुरुवात पूर्ण वाद्यवृंदात वाजते तेव्हा एखादा निसटलेला स्वर झाकला जातो. रिकाम्या सभागृहात एकट्याने वाजवताना लपायला जागा नसते. बसूनवाल्यासाठी स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ची उंच स्वरातली सुरुवात, साइड ड्रमवाल्यासाठी रावेलचा ‘बोलेरो’. बोलेरोत ड्रमवाल्याने काय करायचे? एकच ठेका, अगदी हळू सुरू करून, न थकता, न घाई करता. परीक्षक आधी तेच ऐकतात: चौथ्या फेऱ्यात लय तसूभर तरी पुढे सरकली का.

अकादम्यांत या ऑडिशनची रंगीत तालीम होते. उमेदवार पडद्यामागे येतो, वाजवतो, निघून जातो. मग सहकारी आणि मार्गदर्शक आपापले शेरे वाचून दाखवतात. ते ऐकून घेणे हाही अभ्यासाचा भाग. पडद्याची पद्धत अमेरिकेत रुजली; बॉस्टन सिंफनीने १९५२मध्येच ती वापरली होती. पावलांच्या आवाजावरून उमेदवार स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून मंचावर गालिचा अंथरतात किंवा बूट काढायला सांगतात. अमेरिकेच्या पाच मोठ्या वाद्यवृंदांत १९७०च्या सुमारास स्त्रिया ५ टक्क्यांहून कमी होत्या, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या २५ टक्क्यांच्या घरात गेल्या. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउस यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बदलाचे काही श्रेय पडद्याला दिले. त्यांच्या आकडेमोडीवर नंतर आक्षेपही आले. मात्र पडदा ऑडिशनपुरताच असतो. अकादमीत कोणाला घ्यायचे, कोणाला चांगले वाद्य उसने मिळाले, कोणाला लहानपणी महागडा शिक्षक परवडला, हे सगळे त्याआधीच ठरलेले असते.

ऑडिशन जिंकली म्हणजे नोकरी पक्की, असेही नाही. पुढे परीक्षाकाळ येतो. जर्मनीत तो साधारण वर्षभराचा, आणि शेवटी सहवादक मतदान करतात. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये क्लॅरिनेटवादक सबिने मायर १९८२मध्ये परीक्षाकाळावर आल्या, त्या कारायान यांच्या पसंतीने. सहवादकांनी मात्र ७३ विरुद्ध ४ मतांनी त्यांना नाकारले. त्यांचा नाद विभागात मिसळत नाही, असे कारण दिले. त्या निघून गेल्या आणि पुढे एकल वादक म्हणून जगभर गाजल्या. स्त्री असल्याचा या निकालात किती वाटा होता, यावर आजही वाद घालता येतो. त्याच वर्षी व्हायोलिनवादक मादलेन कारुत्सो त्या वाद्यवृंदाच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या होत्या. ब्रिटनची रीत निराळी. तिथे ऑडिशननंतर काही उमेदवारांना ‘ट्रायल’वर आळीपाळीने बोलावतात, आणि ती महिनोन्‌महिने चालू राहते. नीट वाजवण्याइतकेच चहाच्या सुट्टीत कसे वागता तेही तिथे बघितले जाते, हे ब्रिटिश वादक उघडपणे सांगतात.

शरीराकडे अकादम्यांचे लक्ष उशिरा गेले. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या वादक संघटनेने १९८०च्या दशकात केलेल्या पाहणीत ७६ टक्के वादकांनी वादनावर परिणाम करणारी किमान एक गंभीर तक्रार नोंदवली आणि २७ टक्क्यांनी मंचभीतीवर बीटा ब्लॉकर गोळ्या घेतल्याचे सांगितले. ऐकण्याचा प्रश्न वेगळाच. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वाग्नरच्या ‘डी वाल्क्यूरे’च्या तालमीत पितळी वाद्यांच्या थेट पुढे बसलेल्या एका व्हायोलावादकाच्या श्रवणशक्तीला इजा झाली, २०१८मध्ये न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. आता बऱ्याच अभ्यासक्रमांत कानांचे संरक्षण, पाठीचे व्यायाम आणि खेळाडूंसारखे मानसिक प्रशिक्षण असते.

टीका मुख्यतः पैशांवरून होते. विद्यावेतन पगाराच्या मानाने तुटपुंजे असते, आणि आजारी सदस्याच्या जागी अकादमीचा विद्यार्थी बसवला की वाद्यवृंदाला हात स्वस्तात मिळतात. ही टीका निराधार नाही. त्यातच खुर्च्या कमी होत आहेत. जर्मनीत १९९२मध्ये सार्वजनिक निधीवर चालणारे १६८ वाद्यवृंद होते. एकीकरणानंतर विलीनीकरणे आणि टाळेबंदी होत ते सुमारे १३०वर आले. संगीत महाविद्यालये मात्र दर वर्षी तितक्याच उमेदीने पदवीधर बाहेर काढतात. त्यामुळे एक अकादमी संपवून दुसरीत जाणारे तरुण दिसतात, वयोमर्यादा आडवी येईपर्यंत.

या विषयाशी मुंबईचा धागा मेहता कुटुंबातून जुळतो. मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. मग ते न्यूयॉर्कला इव्हान गॅलामियन यांच्याकडे शिकले आणि मँचेस्टरच्या हाले वाद्यवृंदात बसले. १९६४मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ स्थापन केली. व्यावसायिक होण्याच्या उंबरठ्यावरच्या वादकांना तिथे ते जवळजवळ ३३ वर्षे घडवत राहिले. त्याच शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदाचे संगीत संचालक सुरुवातीच्या काळात त्यांचे चिरंजीव झुबिन होते. अमेरिकन यूथ सिंफनी २०२४मध्ये बंद पडली. झुबिन मेहतांचे नाव जोडलेली बुखमन-मेहता संगीतशाळा तेल अवीव विद्यापीठात २००५पासून चालते. तिचा हेतू इस्राएल फिलहार्मोनिकसाठी वादक तयार करणे हा आहे.

गोव्याची कथा अकादमीविनाची आहे. पोर्तुगीज काळातील चर्चच्या पॅरिश शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले गोवेकर मुंबईच्या हॉटेलांत, बँडांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण वाद्यवृंदांत शिरले आणि समोर येईल तो कागद वाजवत काम शिकले. त्यांतल्याच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये रागांवर आधारलेल्या रचनांसाठी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंदही उभा केला होता.

मुंबईच्या राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राने, म्हणजे एनसीपीएने, २००६मध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू केला. खुश्रू सुंतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालियेव यांचा तो उपक्रम. हंगामात त्याच्या पुष्कळ खुर्च्या परदेशी वादकांनी भरतात. म्हणून २०१२मध्ये तिथे मुलांसाठी संगीत अकादमी काढली. शिकवण्याची पद्धत रशियन, सुरुवात लहान वयात. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी मात्र परदेशच गाठावा लागतो. आधी व्हिडिओ पाठवायचा, पसंत पडला तर स्वखर्चाने ऑडिशनला जायचे, व्हिसा मिळेल या भरवशावर. चेलो वाजवणाऱ्याचा खर्च आणखी वाढतो, कारण चेलो विमानाच्या मालकक्षात टाकायला कोणी धजत नाही आणि त्याच्यासाठी शेजारच्या सीटचे वेगळे तिकीट काढावे लागते.