बैठकीची लावणी आणि नर्तिकेचा देह : टेंभुर्णी परिसराच्या संदर्भात काही विचार

पुणे-सोलापूर रस्त्यावरील टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील गाव. नगर-करमाळ्याकडून येणारा रस्ता येथेच या रस्त्यास मिळतो. याच तालुक्यातील मोडनिंब हे संगीत बारीच्या थिएटरांमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. दक्षिणेस असलेले पंढरपूर हे सत्यभामाबाई पंढरपूरकर यांचे गाव आणि विठाबाई नारायणगावकर यांचे जन्मस्थान होय. उत्तरेस करमाळा तालुक्यातील नेरले हे 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनाचे लेखक किशोर शांताबाई काळे यांचे गाव. लावणीच्या इतिहासाचा विचार करू पाहणाऱ्यास हा टापू वगळता येणार नाही.

देह, जवळीक आणि देहाची असहायता हे नृत्याचे विषय आधुनिक पाश्चात्त्य नृत्याने प्रथम हाताळले, असा समज अभ्यासकांत रूढ आहे. मार्था ग्रॅहॅम यांनी १९३० साली 'लॅमेंटेशन' ही रचना सादर केली. तीत नर्तिका बाकावर बसूनच, अंगाभोवतीच्या ताणलेल्या वस्त्राच्या साहाय्याने शोक व्यक्त करते. आपल्याकडे वाडा येथे जन्मलेल्या चंद्रलेखा यांनी २००१ साली 'शरीर' ही रचना करून याच विषयाचा निराळ्या अंगाने वेध घेतला. या कृतींचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि बसलेल्या देहाकडून अंतरंग बोलविण्याची कला महाराष्ट्रास त्यापूर्वीच अवगत होती. तिचे नाव बैठकीची लावणी.

फडाच्या लावणीत ढोलकीची लय आणि पदन्यास यांना प्राधान्य असते, तर बैठकीच्या लावणीत अदाकारीला. कलावती श्रोत्यांसमोर बसते आणि एकच ओळ पुनःपुन्हा गाते. प्रत्येक आवर्तनात नजर, बोटांची हालचाल, मानेचा झोक आणि पदर यांच्या योगे त्या ओळीचा निराळा अर्थ उलगडते. पहिल्या वेळी जो रुसवा वाटतो, तोच पुढे विनवणी ठरतो आणि अखेरीस थट्टा. नऊवारी लुगड्याने देह जवळजवळ संपूर्ण झाकलेला असतो. येथील शृंगार देह उघडा करण्यातून येत नाही, तर काय दाखवावे आणि काय राखून ठेवावे या निवडीतून येतो. ही निवड कलावतीच्या हाती असते, हे पुढील विवेचनासाठी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

ही निवड तिच्या हाती प्रारंभापासून नव्हती. उत्तर पेशवाईत सोलापूरचे राम जोशी, तसेच होनाजी, परशराम, प्रभाकर आदी शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी घातलेल्या अनेक लावण्या रचल्या. विरह, उत्कंठा, मीलनाची ओढ हे भाव स्त्रीचे, शब्द पुरुषाचे; आणि फडावर ते साकार करणारा देह बहुधा स्त्रीवेषधारी नाच्या पोऱ्याचा. तमाशाच्या रंगमंचावर स्त्री आली ती पुढे, आणि त्या आरंभीच्या स्त्रियांत पवळाबाई हिवरगावकर यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. स्त्रीच्या आल्याने काव्यातील कल्पित आर्ततेला खरा देह मिळाला. परंतु त्याचबरोबर तो देह कोल्हाटी, महार, मांग यांसारख्या जातींतील स्त्रीचा असल्यामुळे, नाट्यातील प्रेयसी आणि समाजातील कलावती यांमधील सीमा प्रेक्षकांनी सहसा पाळली नाही.

दौलतजादा ही प्रथा या दृष्टीने विचारार्ह आहे. रसिक पैसे देऊन लावणीची फर्माईश करतो. त्यात कलेची दाद असते, उपजीविका असते आणि जवळिकीचे मोलही असते. कुशल कलावती या व्यवहारालाच अदाकारीचा विषय करते आणि हसत अंतर राखते. ते अंतर टिकेल की नाही, हे मात्र केवळ तिच्या कौशल्यावर अवलंबून नसते. थिएटरची शिस्त, पार्टीच्या मालकिणीचा वचक आणि आश्रयदात्याची नियत यांवरही ते ठरते.

ही चौकट ढिली झाली म्हणजे काय होते, याची साक्ष या टापूतील दोन जीवनांत मिळते. विठाबाई फडाच्या तमाशातील श्रेष्ठ कलावती होत्या. गर्भारपणाचे दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या, मध्येच पडद्यामागे प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा खेळासाठी सिद्ध झाल्या, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. तिचा उल्लेख नेहमी निष्ठेचे उदाहरण म्हणून होतो. परंतु अशी निष्ठा ज्या व्यवसायाला अपेक्षित होती, त्या व्यवसायाविषयी ती काय सांगते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दुसरी साक्ष काळे यांच्या १९९४ सालच्या आत्मकथनाची. आश्रयदात्याने कलावतीस ठेवून घेतले की तिचे नृत्य संपते आणि मूल आजोळी राहते. पित्याच्या नावाच्या जागी आईचे नाव लावणारा हा लेखक त्या व्यवहाराची उरलेली बाजू मांडतो.

शासनाने या प्रश्नाकडे पाहिले ते अश्लीलतेच्या दृष्टीने. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. शब्दांची तपासणी झाली, मात्र कलावतीच्या सुरक्षिततेचा विचार त्या तपासणीत नव्हता. योगायोग असा की त्याच काळात, १९४७ साली, 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट लोकप्रिय झाला. लावणी आदरास पात्र ठरली. लावणी करणारी स्त्री मात्र संशयास. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली आणि शैलजा पाईक यांनी २०२२ साली आपल्या अभ्यासांतून जात आणि लैंगिकता यांच्या या गुंतागुंतीची चिकित्सा केली आहे.

अलीकडे भूषण कोरगावकर यांचे 'संगीत बारी' हे पुस्तक आणि त्यावरील सावित्री मेधातुल दिग्दर्शित प्रयोग यांमुळे शकुंतलाबाई नगरकर आदी कलावतींची अदाकारी नागर नाट्यगृहांत पोहोचली. तेथे दौलतजादेच्या जागी तिकीट आले आणि कलावती स्वतःच्या कलेविषयी बोलू लागली. हा बदल लहान नव्हे. मात्र मोडनिंबच्या थिएटरातील कलावतीस तो आपोआप लागू होत नाही.

सारांश, बैठकीच्या लावणीत असहायता ही अभिनयाची सामग्री आहे. ती कलावतीच्या ताब्यात असते तोवर ती कला असते. तो ताबा सुटला की तीच तिची स्थिती होते. म्हणून या नृत्याच्या इतिहासकाराने रचना, ताल व शाहीर यांची नोंद करून थांबू नये. बैठकीचे दार कोणाच्या हाती होते आणि मोबदला कोणाकडे गेला, हेही त्याने विचारले पाहिजे. टेंभुर्णी-मोडनिंब परिसरातील वयोवृद्ध कलावती या प्रश्नांची उत्तरे जाणतात, आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत नोंदविणे हे आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे निकडीचे कार्य आहे.