कुंडीतील पिवळी अळिंबी

कुंडीतील पिवळी अळिंबी : (ल्युकोकोप्रिनस बिर्नबाउमी). अ‍ॅगॅरिकेसी कुलातील उष्णकटिबंधीय कवक. पाळीव सरडे, गेको, कासवे ठेवलेल्या काचपेट्यांतील कुंड्यांत ही एका रात्रीत उगवते आणि पाळणाऱ्याची धांदल उडते. पेटीतला प्राणी पाला खाणारा नसेल, तर ही धांदल बहुधा फुकटची असते.

टोपी अडीच ते पाच सेंमी. रुंद, आधी अंड्यासारखी बंद, मग घंटेसारखी, शेवटी छत्रीसारखी उघडणारी. तिच्यावर लिंबासारखी पिवळी भुकटी असते आणि ती बोटाला लागते. देठावर नाजूक कडे असते, बीजाणू पांढरे. दोन-तीन दिवसांत सारे मलूल होऊन आडवे पडते. खालचे कवकजाल मात्र टिकते. माती उकरली तर कधीकधी पिवळसर बारीक गोळ्या सापडतात. त्या किड्यांची अंडी समजून लोक कुंडीच फेकून देतात. त्या या कवकाच्याच विश्रांतीतल्या गाठी होत.

इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या जेम्स बोल्टन यांनी १७८८ मध्ये हिचे वर्णन केले. पण त्यांनी दिलेले नाव आधीच दुसऱ्या जातीला दिलेले होते. पुढे १८३९ मध्ये कवकशास्त्रज्ञ कोर्डा यांनी प्रागमधील उद्यान-निरीक्षक बिर्नबाउम यांच्या नावावरून हिचे नामकरण केले. आजचे शास्त्रीय नाव कवकशास्त्रज्ञ सिंगर यांनी १९६२ मध्ये रूढ केले. युरोपात ती पोचली ती उबदार काचगृहांत. आजची काचपेटी ही त्या काचगृहांचीच छोटी आवृत्ती.

आपल्याकडच्या दमट हवेत तर काचगृहाचीही गरज नसते. उदाहरणार्थ, भिवंडी तालुक्यातील काल्हेर हे ठाणे–भिवंडी रस्त्यावरचे, उल्हास खाडीलगतचे गाव. गोदामांचे, आणि आता रहिवासी संकुलांचेही. अशा खाडीकाठी जून ते सप्टेंबर गॅलरीतल्या कुंडीतही भूछत्रे उगवतात. पेटीत तर पावसाळा बारमाही : मनी प्लांटवर रोज फवारा, वरून दिव्याची ऊब, कुंडीत कोकोपीट आणि गांडूळखत. बीजाणू बहुधा मातीबरोबरच घरात येतात. कवक झाडाची मुळे खात नाही, कुजका पालापाचोळा खाते. तेव्हा झाडाला धोका नाही. अळिंबी वारंवार येत असेल तर पाणी जास्त होते आहे, एवढे समजावे.

प्राण्याचा प्रश्न वेगळा. साप अळिंबीला तोंड लावत नाही, कीटकभक्षी गेकोही सहसा नाही. इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन आणि जमिनीवरची कासवे मात्र समोर येईल ते चाखून पाहतात. ही अळिंबी माणसाने खाल्ल्यास पोट बिघडते, म्हणून प्राण्यालाही खाऊ देऊ नये. (भारतीय तारांकित कासव घरी पाळणे हाच मुळात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, इग्वानासारख्या विदेशी प्राण्यांची नोंदणी लागते.)

उपाय साधे आहेत. टोपी उघडण्यापूर्वी अळिंबी देठासकट उपटावी, वरची दोन-तीन सेंमी. माती बदलावी, दोन फवाऱ्यांमध्ये माती वरून सुकू द्यावी. बुरशीनाशक पेटीत कधीही फवारू नये. ते अळिंबीपेक्षा प्राण्यालाच घातक. झाड थेट तळाच्या मातीत न लावता कुंडीतच ठेवले असेल तर कुंडी उचलून बाहेर नेता येते, ही मोठी सोय.

प्राण्याने तुकडा खाल्लाच, तर उरलेली अळिंबी कागदी पुडीत (प्लॅस्टिकमध्ये ती सडते) घेऊन लगेच पशुवैद्याकडे जावे.