भट्टीतला लोणारी कोळसा

मध्य भारतात पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळणाऱ्या अगरिया लोकांच्या दैवतांत लोहासुर आहे, आगीचा अग्यासुर आहे आणि कोळशाचा कोयलासुरही आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली या जमातीवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे तिघे भेटतात. कोळशाला आगीपासून वेगळं काढणाऱ्यांना भट्टीचं मर्म कळलं होतं, असंच म्हणावं लागेल. कारण कोळसा नुसती आच देत नाही. अर्धवट जळून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि तो वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. मागे उरतं ते लोखंड.

अगरियांची भट्टी मातीची, बुटकी. पायांनी दाबायचे दोन भाते, वरून आळीपाळीने खनिज आणि कोळसा. आत लोखंड वितळत नाही, कीट तेवढं वितळून वाहतं. उरलेला सच्छिद्र गोळा तापलेला असतानाच घणाखाली घालायचा. लाकूड तसंच का घालत नाहीत? त्यातलं पाणी आणि धूर भट्टीची आच खातात. म्हणून आधी कोळसा पाडायचा, आणि पाच किलो सुक्या लाकडामागे जेमतेम किलोभर हाती लागायचा.

हा कोळसा ठिसूळ. भट्टी फार उंच केली की वरच्या भाराने त्याचा चुरा होतो आणि वारा कोंडतो. १७०९ साली कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने दगडी कोळशाचा कोक वापरला. पुढे भट्ट्या उंच झाल्या, त्या भार पेलणाऱ्या कोकच्या जिवावर.

तरीही १९२३ साली भद्रावतीला म्हैसूर संस्थानाची झोतभट्टी पेटली ती लाकडी कोळशावर. केम्मनगुंडीचं खनिज जवळ, जंगल भोवताली, दगडी कोळसा मात्र नाही. कारखान्याची सूत्रं विश्वेश्वरय्यांकडे आली. पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवणारे तेच. इथे लाकूड बंद भांड्यांत तापवत आणि निघणारी वाफ थंड करून मिथेनॉल, डांबर वेगळं काढत. कोळसा पाडायच्या साध्या भट्टीत हा सगळा माल आकाशात जातो! पुढे विजेच्या भट्ट्या आल्या. आच विजेची झाली, पण ऑक्सिजन ओढायला कार्बन लागतच राहिला.

आज लाकडी कोळशावर लोखंड गाळायचा धंदा खऱ्या अर्थाने टिकलाय तो ब्राझीलच्या मिनास जेराइसमध्ये. साधारण सात वर्षांत कोळशासाठी लावलेली निलगिरी तोडणीला येते, पुन्हा वाढते आणि भट्टीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषते. हिशेब बसतो तो लागवडीच्या लाकडावर. मूळचं जंगल तोडून कोळसा पाडला तर हा हिशेब साफ कोसळतो, आणि तेही तिथे घडलेलं आहे.

ठिसूळपणावर तोडगा निघालाय तो चुऱ्यातूनच. वरून घालायला निकामी असलेली कोळशाची भुकटी तापलेल्या हवेच्या झोताबरोबर खालच्या नळ्यांतून भट्टीत फुंकतात. मोठ्या भट्टीत वरचा भार पेलायला मात्र अजून कोकच लागतो.