एम्प्रेस गिरणी आणि श्रमव्यवस्थेतील स्थायी परिवर्तन

आर्थिक अनिश्चिततेच्या काळात एखाद्या संस्थेतील माणसांची व्यवस्था बदलावयाची आणि तो बदल टिकवावयाचा, हा प्रश्न आज मनुष्यबळ-व्यवस्थापनाच्या शास्त्राचा मानला जातो. त्या शास्त्राला नाव मिळण्यापूर्वी कितीतरी वर्षे नागपुरातील एम्प्रेस गिरणीच्या चालकांपुढे हाच प्रश्न उभा होता. त्यांनी केलेल्या बदलांपैकी कोणते टिकले, कोणते टिकले नाहीत आणि तसे का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गिरणीचा जन्मच अनिश्चिततेतून झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईच्या कापूस-व्यापारास आलेली भरती युद्ध संपताच ओसरली. त्या कोसळण्याचा तडाखा ज्या पेढ्यांना बसला, त्यांत जमशेटजी टाटा यांच्या घराण्याची पेढीही होती. कच्च्या कापसाच्या सट्ट्यापेक्षा कापसाच्या प्रदेशातच सूत व कापड काढणे अधिक भरवशाचे, हे जमशेटजींनी पुढे ओळखले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली होती. वऱ्हाड, वर्धा व हिंगणघाट येथील कापूस जवळ होता आणि वरोड्याच्या कोळशाचीही सोय होण्यासारखी होती. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. जुम्मा तलावालगतच्या दलदलीच्या जमिनीत भर घालून इमारत उभी राहिली. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीस ‘एम्प्रेस’ ही पदवी जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली व तिला तेच नाव मिळाले.

यंत्रे परदेशांतून आणता येत होती. गिरणीकामास सरावलेली माणसे मात्र आणता येत नव्हती. कामावर येणारे बहुतेक लोक शेतीच्या किंवा हातमागाच्या कामातून आलेले होते. पेरणी, कापणी, सण आणि लग्ने यांच्या कालगणनेवर त्यांचे आयुष्य चाले. भोंग्याची कालगणना त्यांना परकी होती. त्यामुळे रोजची गैरहजेरी ही आरंभीची मोठी अडचण ठरली. ही अडचण सोडविण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक विभागातून आले होते. सूतकताईचे तंत्र त्यांना ठाऊक नव्हते. त्या बाजूस जेम्स ब्रुक्सबी हे इंग्रज तंत्रज्ञ होते. तंत्र एकाकडे आणि माणसे दुसऱ्याकडे अशी ही विभागणी ध्यानात घेण्यासारखी आहे.

गैरहजेरीवर दंडाचा उपाय सोपा होता. परंतु दंड झालेला मनुष्य गाव जवळ असल्यास गावी परत जाऊ शकत होता. म्हणून नियमित येणाऱ्यास बक्षीस व बोनस देण्याची पद्धत पडली. कारखान्यात हवा खेळती ठेवण्याची, आर्द्रता राखण्याची व आग विझविण्याची यंत्रे बसविण्यात आली. १८८३ च्या सुमारास रिंग चात्यांचे प्रयोग सुरू झाले. लँकेशायरमध्ये त्या चात्यांविषयी अद्याप साशंकता असताना येथे त्यांचा स्वीकार झाला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी स्थापन झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात झाली.

यांपैकी शेवटचे पाऊल ज्या काळात उचलले गेले तो काळ निर्वेध नव्हता, हे विशेष होय. १८९३ मध्ये रुपयाच्या टांकसाळी खुल्या नाण्यासाठी बंद झाल्या, त्यामुळे चीनकडे जाणाऱ्या सुताचा व्यापार अडचणीत आला. १८९४ मध्ये देशी गिरण्यांच्या बारीक सुतावर कर बसला व १८९६ मध्ये कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर आला. पाठोपाठ मध्यप्रांतात १८९६–९७ व १८९९–१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. अशा दशकात खर्च वाढविणारा नियम करणे हे केवळ औदार्याचे लक्षण मानता येत नाही. अनिश्चितता मालकाला जशी जाणवत होती तशी कामगारालाही जाणवत होती, आणि त्याच्या अनिश्चिततेचा थोडा भार गिरणीने उचलल्याशिवाय तो गिरणीत टिकणार नाही, ही समज त्यामागे दिसते.

या परिवर्तनाची साक्ष भाषाही देते. गिरणीच्या बोलीतील ‘हजेरी’ व ‘मुकादम’ हे शब्द अरबी-फारसीतून फौज व महसूल यांच्या कारभारामार्गे मराठीत पूर्वीच रुळलेले होते. ‘पाळी’ हा तर घरगुती व्यवहारातलाच शब्द. शिस्तीसाठी व कामाच्या वाटणीसाठी जुने शब्द पुरले. मात्र म्हातारपणाच्या तरतुदीसाठी ‘फंड’ हा इंग्रजी शब्दच घ्यावा लागला, कारण वेतनाबाहेर आणि मालकाच्या मर्जीबाहेर नावावर जमा राहणारी रक्कम ही कल्पनाच नवी होती. बक्षीस हे मर्जीने मिळते. फंड हिशेबाने मिळतो. सामान्य कामगाराने हा भेद शब्दांतच नोंदवून ठेवला आहे.

तथापि या व्यवस्थेची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. नियम वरून आले. ते ठरविताना कामगाराचा विचार घेतला गेला नाही. विसाव्या शतकात गिरणीने कामगार-वस्त्यांत कल्याणकार्य चालविले, तसेच इंदोरा येथे कामगारांना स्वतःची घरे बांधता यावीत म्हणून जमीन व कर्जाची सोय केली. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने आपल्या अहवालात या योजनेची दखल घेतली. तरीही जागतिक मंदीत वेतनकपातीचा प्रश्न येताच संघर्ष टळला नाही. रा. स. रुईकर यांच्या नेतृत्वाखाली नागपूरचे गिरणी कामगार संघटित झाले, ते सोयी नव्हत्या म्हणून नव्हे. वेतन कोणी व कसे ठरवावे यात आपला आवाज नव्हता म्हणून. कल्याणकार्य वाटाघाटीची जागा घेऊ शकत नाही, हा त्या वर्षांचा धडा होय.

१९८६ मध्ये ही गिरणी टाटांच्या हातून जाऊन महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये ती बंद पडली. भोंगा थांबला, हजेरीची बक्षिसे आणि वस्तीतील कल्याणकार्य ही गिरणीच्या आयुष्याशीच बांधलेली होती. परंतु अपघात-भरपाईचे तत्त्व १९२३ च्या कायद्याने सर्व देशाने स्वीकारले होते आणि वृद्धापकाळाच्या तरतुदीचे तत्त्व १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यात आले होते. ही तत्त्वे एका गिरणीच्या नफातोट्यावर अवलंबून राहिली नाहीत.

यावरून निष्कर्ष असा निघतो. व्यवस्थापकाने केलेला बदल टिकावयाचा असेल तर तो त्याच्या सद्भावनेवर सोडून चालत नाही. त्याचे रूपांतर कामगार मागू शकेल अशा हक्कात व्हावे लागते. बेझनजींच्या पिढीने या वाटेचा पहिला अर्धा भाग चालून दाखविला. उरलेला अर्धा कामगार-संघटनांनी आणि कायद्याने पुरा केला. आज अनिश्चिततेच्या नावाखाली कंत्राटी नेमणुका वाढत असताना हे दोन्ही अर्धे एकत्र वाचले पाहिजेत. नागपूरच्या औद्योगिक इतिहासात केवळ पहिल्याचीच नोंद राहिली, तर तो इतिहास मालकाच्या दप्तराचा होईल, गिरणीचा होणार नाही.