अन्नाचे प्रमाण आणि शरीराचे वजन : अहमदनगर जिल्ह्याच्या आहार-इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :

वजन कमी करण्यासाठी कमी खावे की अधिक खावे, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत मराठी समाजात वारंवार चर्चिला गेला आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारित केलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धती एका बाजूस, तर ऋजुता दिवेकर यांचे थोड्या थोड्या अंतराने खाण्याचे प्रतिपादन दुसऱ्या बाजूस, असे या चर्चेचे स्वरूप राहिले. त्यातूनच ‘अधिक खाऊनही वजन घटते’ हा विचारही पुढे आला. या प्रश्नाला इतिहासाची एक बाजू आहे. अहमदनगर जिल्ह्याने (२०२४ पासून अहिल्यानगर) उपासमार आणि साखरेची समृद्धी या दोन्ही अवस्था शतकभराच्या अंतराने अनुभवल्या आहेत. या अनुभवाच्या आधारे ‘अधिक खाणे’ या संकल्पनेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) पारंपरिक आहार आणि श्रम :

जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे ज्वारी आणि बाजरी हीच येथील मुख्य अन्नधान्ये राहिली. भाकरी, हुलग्याचे किंवा डाळीचे कालवण, पालेभाजी, ठेचा, कांदा आणि ताक असा सर्वसामान्य शेतकरी कुटुंबाचा आहार होता. भाकऱ्यांची संख्या पाहता हा आहार थोडा म्हणता येत नाही. तरीही नांगरणी, मोट, खुरपणी आणि पायी प्रवास यांत खर्च होणारी ऊर्जा एवढी होती की भरपूर जेवणारा माणूसही सडपातळ राहत असे. अर्थात या सडपातळपणाचे श्रेय केवळ आहाराला देणे योग्य ठरणार नाही. त्यामागे श्रम होते आणि वर्षातील काही महिन्यांची टंचाईही होती.

२) १८७६-७८ चा दुष्काळ आणि एक पौंडाचा शिधा :

१८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनच्या इतर जिल्ह्यांप्रमाणे अहमदनगरलाही ग्रासले. दौंड–मनमाड रेल्वेमार्गाच्या मातीकामावर दुष्काळपीडितांना काम देण्यात आले. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी मजुरी घटविली. एक पौंड धान्याची किंमत आणि वर अल्प रोकड हा नव्या मजुरीचा आधार होता. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी याविरुद्ध कामे सोडली, तर पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. एवढ्या अन्नावर कष्ट करणारे शरीर टिकणार नाही, असा आक्षेप मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी घेतला.

हा आक्षेप आजच्या मापाने तपासता येतो. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. १०० ग्रॅम ज्वारीपासून सुमारे ३४० किलोकॅलरी मिळतात असे धरल्यास या शिध्यातून सुमारे १५५० किलोकॅलरी मिळत. योगायोगाने १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांवर उपासमारीचा जो प्रयोग केला, त्यातील दैनंदिन आहारही सुमारे १५७० किलोकॅलरींचाच होता. २४ आठवड्यांत त्या निरोगी तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाव्यय सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला, थकवा व खिन्नता वाढली आणि मनात सतत अन्नाचाच विचार राहू लागला. पुन्हा मुबलक अन्न मिळू लागल्यावर अनेकांच्या शरीरातील चरबी पूर्वीपेक्षाही वाढली.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कमी खाल्ल्याने वजन घटतच नाही, हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मात्र टोकाच्या अल्पाहाराने घटलेले वजन म्हणजे आरोग्य नव्हे आणि ते टिकतेच असेही नाही.

३) १९७२ चा दुष्काळ आणि जामखेड :

१९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी ही नावे ग्रामीण महाराष्ट्राच्या स्मरणात कायमची राहिली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होते. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कुपोषित बालकाचा प्रश्न येथे विशेष बोधप्रद ठरतो. लहान मुलाचे पोट लहान असते. पातळ पेज किंवा पाण्यात कुस्करलेली भाकरी खाऊन ते लवकर भरते, परंतु शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नाही. म्हणूनच अशा मुलाच्या आहारात तेल, शेंगदाणे, गूळ यांची भर घालावी लागते. सुकडीसारख्या पदार्थामागेही थोड्या घासांत अधिक ऊर्जा देण्याचेच तत्त्व होते. पोट भरणे आणि ऊर्जा मिळणे या दोन भिन्न बाबी आहेत, हे यावरून सिद्ध होते.

४) साखरेचा प्रवेश :

हेच तत्त्व जिल्ह्याच्या उत्तर भागात उलट दिशेने कार्यरत झाले. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. सहकाराने शेतकऱ्यास पत आणि प्रतिष्ठा दिली, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच काळात साखर ही सणाची वस्तू न राहता नित्याची झाली. एका कपात १० ग्रॅम साखर धरल्यास पाच कप चहातून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात. सुमारे ६० ग्रॅम ज्वारीइतकी ही ऊर्जा पोटात जाते, पण भूक भागत नाही. दुसरीकडे मोटेची जागा पंपाने आणि पायपिटीची जागा मोटारसायकलने घेतली. म्हणजे खाण्याचे आकारमान न वाढताही वजन वाढण्याची परिस्थिती निर्माण झाली.

५) ‘अधिक खाणे’ याचा नेमका अर्थ :

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील बार्बरा रोल्स यांच्या संशोधनाने अन्नाच्या ‘ऊर्जाघनते’कडे लक्ष वेधले. ज्या अन्नात पाणी आणि तंतू अधिक असतात, ते आकारमानाने अधिक खाल्ले तरी एकूण ऊर्जा कमी राहू शकते. केविन हॉल यांच्या २०१९ च्या अमेरिकेतील प्रयोगात अतिप्रक्रियायुक्त अन्न खाणाऱ्यांनी दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक घेतल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ०.९ किलो वाढले. ताटात पालेभाजी, उसळ, काकडी आणि ताक वाढविणे या अर्थाने ‘अधिक खाणे’ उपयुक्त ठरते. भाकऱ्यांची संख्या अथवा तेलाची धार वाढविणे या अर्थाने नव्हे.

निष्कर्ष :

१. अन्नाचे आकारमान, त्यातील ऊर्जा आणि श्रम या तिन्हींचा एकत्रित विचार केल्याशिवाय ‘कमी खा’ किंवा ‘अधिक खा’ हा उपदेश निरर्थक ठरतो.

२. अधिक अन्नाने वजन घटू शकते, मात्र एकूण ऊर्जा घटत असेल तरच.

३. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात कमी वजनाच्या आणि अतिवजनाच्या स्त्रियांचे प्रमाण प्रत्येकी एक पंचमांशाहून अधिक आहे. पाथर्डीहून ऊसतोडीस जाणारी स्त्री आणि शहरातील बैठे काम करणारी स्त्री यांना एकच आहारसल्ला देणे अन्यायाचे होईल. एका पौंडाच्या मापाने सर्वांचे पोट मोजण्याची १८७७ ची चूक आरोग्यशिक्षणात पुन्हा होऊ नये, हीच या इतिहासाची शिकवण आहे.